अरुणा बहनजींचा निरोप

निशातगंजच्या चौथ्या गल्लीत ढोक्यांचं भाड्याचं घर होतं. शामराव ढोके मूळचे भंडाऱ्याकडचे. तारखात्यात नोकरीला लागले, बदलीवर लखनौला आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडण झालं की दोन्हीची खिचडी. त्यांना दोन मुलं: बबन आणि त्याच्याहून चार वर्षांनी लहान नीला. स्वतः शामराव गावच्या शाळेत वर्गाच्या दाराबाहेर बसून चौथीपर्यंत शिकले होते. मास्तर फळ्यावर काय लिहितात ते मान वाकडी करून वाचायचं, अशी ती शाळा. त्यामुळे मुलांची वही, फी, परीक्षा या गोष्टींत त्यांनी कधी हयगय केली नाही.

बबन युनिव्हर्सिटीत बी.एस्सी. करत होता, पण त्याचं मन दुसरीकडे लागलं होतं. दिल्लीत मोठे खेळ झाले आणि लखनौत घरोघरी टीव्ही आले. टीव्ही आले, पण वीज तीच राहिली. संध्याकाळी दिवे मिणमिणायचे आणि अचानक दाब वाढून कुणाचा तरी टीव्ही जळायचा. बबननं शेजाऱ्यांचा एक बिघडलेला स्टॅबिलायझर उघडला, दुरुस्त केला, आणि आठवड्याभरात स्वतःचा एक बनवला. शेवटच्या वर्षात घराच्या पुढच्या खोलीत त्याचा कारखानाच उभा राहिला. पत्र्याच्या पेट्या, तांब्याच्या तारेची रिळं, सोल्डरिंगचा वास. पेटीवर नाव रंगवलं: 'सुगत'. बाजारातल्या रस्तोगीजींनी आपल्या दुकानात दोन पीस ठेवले, ते चार दिवसांत गेले. मग दहा मागितले, मग वीस.

स्टॅबिलायझरचा जीव असतो तो त्याच्या कॉइलमध्ये. तारेचा वेढा वेढ्याला चिकटून बसला पाहिजे, एकही वर चढता कामा नये. बबनचा हात घाईचा होता. नीलाचा हात मात्र असा काही सारखा चालायचा, की तिनं गुंडाळलेली कॉइल पाहून रस्तोगीजींना ती मशीनची वाटली. नीला तेव्हा इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती, सायन्स घेऊन. ती एका हातानं तार गुंडाळायच्या हातयंत्राचा दांडा फिरवायची आणि मांडीवर फिजिक्सचं पुस्तक उघडं ठेवायची. बबनच्या प्रॅक्टिकलच्या वहीतल्या आकृत्याही तीच काढायची, कारण त्याला वेळ नसायचा.

"दादा, तू पास झालास तर अर्धी डिग्री माझी," ती म्हणायची.

"अर्धी का? पूर्ण घे. मला फक्त कारखाना दे," बबन म्हणायचा, आणि दोघं हसायची.

स्वतःच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मात्र बबन काम बंद ठेवायचा. त्यात त्यानं कधी कसूर केली नाही.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत रस्तोगीजी एका सकाळी स्वतः घरी आले. शहराबाहेर बख्शी का तालाबकडे राहणाऱ्या कुटुंबांनी मिळून टीव्ही घेतले होते आणि त्यांना एकदम साठ स्टॅबिलायझर हवे होते. "बबन भैया, गुरुवार तक साठ पीस. हो पाएगा? नहीं तो दिल्ली से मँगवा लूँ." बबननं हिशेब न करता होकार दिला. त्या दिवसापासून घरात कुणी धड जेवलं नाही. बबनची आई गयाबाई दुपारी पेट्या पुसायच्या, शामराव कचेरीतून आले की स्क्रू पिळायचे, आणि नीला कॉइल गुंडाळायची. शाळेला अभ्यासाची सुट्टी लागली होती, म्हणून दिवसभर ती घरीच असे.

मंगळवारी दुपारी बबन दारात पेट्या रचत होता. एक रिक्षा थांबली. आत नीलाच्या फिजिक्सच्या शिक्षिका अरुणा सक्सेना बसल्या होत्या. शाळेत सगळ्या त्यांना अरुणा बहनजी म्हणत. रिक्षातूनच त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली.

"नीला के भाई हो न? बाहर के परीक्षक कल शाम आ रहे हैं. प्रैक्टिकल परसों सुबह नौ बजे है. परीक्षक एक ही दिन के लिए हैं. नीला से कहना, फ़ाइल लेकर आए."

"जी, बहनजी."

"भूलना मत. जिनके घर रास्ते में हैं उनको मैं खुद कह रही हूँ."

रिक्षा गेली. बबननं चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. आतून यंत्राची घरघर ऐकू येत होती. चार पावलं आत गेला असता आणि सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण बावीस कॉइल बाकी होत्या. आत्ता सांगितलं तर ही यंत्र सोडून पुस्तक घेऊन बसणार, आणि तिच्याशिवाय गुरुवारी साठ पीस होत नाहीत. नीला हुशार आहे, तिला प्रॅक्टिकलसाठी दोन दिवस कशाला हवेत? उद्या संध्याकाळी सांगू. असं त्यानं स्वतःला समजावलं आणि पुढची पेटी उचलली.

बुधवारी तो शहराच्या टोकाला चिनहटला गेला. तिथल्या वर्कशॉपमध्ये पेट्यांना रंग द्यायला टाकला होता, तो वाळलाच नव्हता. भांडून, वाट पाहून, टेम्पोत माल घालून घरी यायला संध्याकाळ उलटली. आल्यावर जोडणी, तपासणी. नीलाच्या बोटांना तारेनं चिरा पडल्या होत्या. गयाबाई त्यांवर हळद लावत म्हणाल्या, "काहून रे बबन, पोरीची परीक्षा तोंडावर आहे, अन् तू तिला बैलावानी जुंपतोस." बबन म्हणाला, "आई, उद्यापासून सुट्टी तिला." आणि चिठ्ठीची गोष्ट त्यानं आणखी एकदा पुढे ढकलली.

गुरुवारी सकाळी सात वाजता बावन्न पीस टेम्पोत भरून झाले. आठ राहिले होते, ते दुपारी चारला दुसऱ्या फेरीत द्यायचे होते. नीला चहा घेऊन दारात आली. कप हातात घेताना बबनला सगळं लख्ख आठवलं. नऊला दोन तास होते. शाळा वीस मिनिटांवर. पण आता सांगायचं तर हेही सांगावं लागणार की चिठ्ठी मंगळवारपासून खिशात आहे. बाबा अजून घरातच होते. आणि त्या आठ कॉइल.

"काय झालं?" नीलानं विचारलं.

"काही नाही. आठ कॉइल तेवढ्या कर दुपारपर्यंत," तो म्हणाला, आणि टेम्पोत चढला.

बख्शी का तालाबला पीस उतरवून होईस्तोवर साडेअकरा झाले. सगळ्यांनी मालाची तारीफ केली. एका बाईंनी त्याला सरबत दिलं. बबननं ते घेतलं, आणि बाहेर येऊन चिठ्ठीचे तुकडे करून नालीत टाकले.

शुक्रवारी नीला प्रॅक्टिकलची तारीख विचारायला शाळेत गेली आणि अर्ध्या तासात परत आली. तिच्यानं बोलवेना. गयाबाईंनी दोनदा विचारल्यावर म्हणाली, "प्रॅक्टिकल झाली, आई. काल झाली. माझ्या नावापुढे गैरहजर लिहिलंय."

शामरावांनी दुसऱ्या दिवशी कचेरीतून रजा घेतली. शाळेत जाताना बबनला बरोबर घेतलं. "तू शिकलेला आहेस. तुझ्यासमोर त्यांना उडवाउडवी करता येणार नाही," ते म्हणाले. बबनला न जाण्याला कारण सापडेना.

प्रिन्सिपल बाईंच्या खोलीत अरुणा बहनजींना बोलावण्यात आलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "चिट्ठी मैंने खुद आपके घर दी है."

"किसको?" शामरावांनी विचारलं.

"आपके इसी बेटे को."

सगळ्यांनी बबनकडे पाहिलं. टेबलावर पितळेची घंटी होती, ती तो बघत राहिला. खरं बोलायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती, हे त्यालाही कळत होतं. पण बाबांची मान त्याच्याकडे वळली होती, आणि त्या मानेत इतका भरवसा होता की तोंडातून भलतंच निघालं.

"नहीं. मुझे कोई चिट्ठी नहीं मिली."

बहनजींचं तोंड किंचित उघडं राहिलं. शामराव खुर्चीतून उठले. त्यांचा आवाज एरवी हळू असे, पण आता तो चढला.

"हमारी ही लड़की की चिट्ठी खोती है, मैडम. दो साल पहले वज़ीफ़े का फ़ॉर्म खोया था, वह भी इसी का. बाकी किसी का नहीं खोया."

"ढोकेजी, वह दफ़्तर की गलती थी. आप यह क्या कह रहे हैं?"

"आप अच्छी तरह जानती हैं मैं क्या कह रहा हूँ. मैंने यह सब चालीस साल पहले भी देखा है."

त्यांनी पाहिलं होतं ते खरंच होतं. वर्गाचं दार खरं होतं, वरून ओतलेलं पाणी खरं होतं, दोन वर्षांपूर्वीचा हरवलेला शिष्यवृत्तीचा फॉर्मही खरा होता. खोटा होता तो फक्त शेजारी उभा असलेला मुलगा. बहनजी बबनकडे बघत राहिल्या, आणि तो घंटीकडे.

परतताना शामरावांनी सायकल हातात धरली आणि दुसरा हात बबनच्या खांद्यावर ठेवला. "बरं झालं तू सोबत होतास," ते म्हणाले. तो हात खांद्यावर घेऊन बबन निशातगंजपर्यंत चालला. ती वाट त्याला कधी एवढी लांब वाटली नव्हती.

नीलानं लेखी पेपर दिले, पण वर्ष गेलं हे तिला माहीत होतं. जूनमध्ये पेपरात निकाल छापून आला. पानभर नंबरच नंबर, त्यात तिचा नव्हता. नसणारच होता, तरी शामरावांनी चष्मा पुसून तीन वेळा पान पाहिलं. जुलैत बबनचा निकाल लागला. तो पास झाला. त्याच महिन्यात उद्योग केंद्रातून त्याच्या कारखान्याच्या नोंदणीचा कागद आला, आणि रस्तोगीजींनी शंभर पीसची मागणी दिली. नीला न कुरकुरता कॉइल गुंडाळत होती. आता तिच्या मांडीवर पुस्तक नसायचं. बबन त्या खोलीत गेला की काहीतरी निमित्त काढून बाहेर यायचा. जेवताना तिच्यासमोर बसायचं टाळायचा. एकदा तिनं सहज विचारलं, "बहनजी खोटं का बोलल्या असतील रे दादा? त्या तर माझ्यावर किती माया करायच्या." बबननं घास तोंडात घालून ठेवला, म्हणजे बोलावं लागणार नाही.

जुलैच्या शेवटच्या रविवारी शामरावांचे जुने स्नेही श्रीपतकाका मेश्राम यांच्या क्वार्टरमध्ये सगळी मंडळी जमली. लखनौत नोकरीला असलेली आपल्या समाजाची बारा-तेरा घरं होती. वंदना झाली, मग बबनच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. आपल्यातला पहिला कारखानदार, असं श्रीपतकाका म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग काकांनी खिशातून एक टाइप केलेला अर्ज काढला. जिल्ह्याच्या विद्यालय निरीक्षकांना लिहिलेला. अरुणा सक्सेना या शिक्षिकेनं जातीच्या आकसानं विद्यार्थिनीला परीक्षेपासून वंचित ठेवलं, तरी तिला निलंबित करावं. शामरावांनी सांगितलं आणि काकांनी लिहिलं, असा तो अर्ज होता. सगळ्यांनी सह्या केल्या. शामरावांनी सगळ्यात शेवटी, पूर्ण नाव लिहून केली. मग पेन बबनच्या हातात आलं.

"तू मुख्य साक्षीदार," काका म्हणाले. "इथे, खाली."

बबननं पेन टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला, पुढे हात चालेना. त्यानं वर पाहिलं. नीला दाराजवळ लहान मुलांना बर्फी वाटत होती.

"काका, चिठ्ठी आली होती," तो म्हणाला.

"कोणती चिठ्ठी?"

"बहनजी खरं बोलल्या. माझ्याच हातात दिली त्यांनी. मी नीलाला सांगितलं नाही."

गयाबाईंनी घाईघाईनं पदर सावरला. "विसरला असशील रे बाबू. कामाच्या रगाड्यात माणूस विसरते," त्या म्हणाल्या. आईनं पळवाट उघडून दिली होती. बबनला ती दिसली, आणि तिच्यातून निसटावंसं त्याला वाटलंही.

"विसरलो नाही, आई. निघताना आठवलं होतं. मुद्दाम नाही सांगितलं. मला साठ पीस द्यायचे होते."

शामराव उठले. बबनला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी बबनसमोरचा अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. सगळ्यांकडे वळून हात जोडले. "तुमच्या सह्या मी खोट्या कागदावर घेतल्या. माफ करा." मग बबनकडे न बघता म्हणाले, "तो हार काढ."

मंडळी घरी आली. पुढच्या खोलीत नीला यंत्राजवळ उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मी चहा आणला तेव्हा आठवलं होतं तुला?"

"हो."

"आणि आठ कॉइल राहिल्या होत्या."

"हो."

"माल चारला न्यायचा होता ना? प्रॅक्टिकल बाराला संपली. मी येऊन केल्या असत्या त्या, दादा. आठच तर होत्या."

इतक्या महिन्यांत हा साधा हिशेब बबनच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

शामराव त्या रात्री जेवले नाहीत. ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, "माझ्या लहानपणी जे झालं ते मी कुणालाही, कुठेही सांगायचो. माझा आवाज कधी अडला नाही. आता अडेल. तू ते केलंस, बबन."

सकाळी त्यांनी कचेरीचा कोट घातला आणि बबनला चल म्हणाले. अरुणा बहनजी महानगर नावाच्या मोहल्ल्यात, वडिलांच्या घरी राहत. त्यांनीच दार उघडलं. शामरावांनी खिशातला अर्ज काढून त्यांच्या हातात दिला. "यह हम भेजने वाले थे. आप पढ़ लीजिए. फिर जो कहना हो, कहिए." आणि त्यांनी हात जोडून मान खाली घातली. साहेबासमोर, घरमालकासमोर, कुणासमोरही न वाकलेली ती मान पोराच्या पापापायी एका परक्या उंबऱ्यावर वाकलेली बबननं पाहिली. त्यालाही हात जोडायचे होते, पण बाबांच्या शेजारी तेही सोंग वाटलं असतं.

बहनजींनी अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"उस दिन के बाद मुझसे साइंस का चार्ज ले लिया गया," त्या म्हणाल्या. "स्टाफ़ रूम में लोग चुप हो जाते हैं. वह भी मैंने सह लिया." मग पहिल्यांदा त्या बबनशी बोलल्या. "पाँच महीने से मैं सोच रही हूँ कि शायद मैंने ही चिट्ठी किसी और घर दे दी. शायद मुझे ही ठीक याद नहीं. तुम समझते हो, यह क्या होता है?"

"जी," बबन म्हणाला. "मैं प्रिन्सिपल साहिबा को लिखकर दूँगा. आज ही."

"वह तो देना ही है."

शामराव म्हणाले, "आपसे माफ़ी माँगने का मुँह नहीं है हमारा."

बहनजींनी अर्जाची पुन्हा घडी घातली. "नीला को इतवार को भेज दीजिए. अगले साल की तैयारी करा दूँगी," त्या शेवटी म्हणाल्या. "आप लोग मत आइए."

बबननं लिहून दिलं. प्रिन्सिपल बाईंनी ते वाचून फाइलला लावलं आणि वर पाहिलं नाही. बहनजींना चार्ज परत मिळाला, पण दिवाळीनंतर. नीला दर रविवारी महानगरात जाऊ लागली. यंत्राला तिनं पुन्हा हात लावला नाही, आणि तसं कुणी तिला म्हणालंही नाही. बबननं स्वतः कॉइल गुंडाळायला बसायला सुरुवात केली. वीस पीस परत आले, रस्तोगीजी बडबडले, पण हळूहळू त्याचा हात बसला. पुढच्या वर्षी नीला पहिल्या श्रेणीत पास झाली. ती दादाशी बोलायची, नाही असं नाही. फक्त त्याच्याशी ती आता हिंदीतून बोलायची. "खाना रखा है." "रस्तोगीजी आए थे." पूर्वी रागावली की आई-बाबांशी हिंदी झाडणारी ही मुलगी दादाशी मात्र मराठीच बोलायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सत्त्याऐंशीपर्यंत बबनचा कारखाना चिनहटला गेला. अठरा माणसं कामाला होती. त्यांत शिकणारं कुणी असलं तर परीक्षेच्या तारखा तो स्वतः विचारून घ्यायचा. लोक म्हणायचे, मालक चांगला आहे. ते ऐकलं की तो कामाचा विषय काढायचा.

त्या हिवाळ्यात एकदा निशातगंजच्या बाजारात त्याला अरुणा बहनजी दिसल्या. सब्जीच्या ठेल्याशी उभ्या राहून मटार निवडत होत्या. केस पांढरे झाले होते. याआधी दोनदा त्या अशाच दिसल्या होत्या आणि दोन्ही वेळा बबन रस्ता ओलांडून पलीकडे गेला होता. याही वेळी पाय वळलेच होते. पण त्यांनी मान वर केली आणि नजरानजर झाली. बबन पुढे गेला.

"नमस्ते, बहनजी."

त्यांनी क्षणभर त्याला पाहिलं. ओळख लागली, हे चेहऱ्यावरून कळलं.

"नीला कैसी है?"

"एम.एस्सी. कर रही है. फ़िजिक्स में."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि चेहरा जरा सैलावला. "उससे कहना, कभी आ जाए."

"जी. कह दूँगा."

बहनजी पुन्हा मटार निवडू लागल्या. बबन दोन पावलं चालला, मग थांबला, आणि ठरलेली तीन कामं तशीच टाकून कडेला लावलेली स्कूटर घराकडे वळवली. नीला ओसरीवर वाचत बसली होती. त्यानं स्कूटर बंद करायच्याही आधी तिला निरोप सांगितला. तिनं पुस्तकातून वर पाहिलं, एकदा मान हलवली, आणि पान उलटलं.